रविवारी दहा मिनिटं गाडी सुरू करू नका

प्रश्न: मी सैन्यात आहे. पुढच्या महिन्यात तैनातीवर निघतोय. चौदा महिने सांगितलेत, मुदत वाढूही शकते. माझी पाच वर्षांची पेट्रोल कार आहे, साध्या गिअरची. कर्ज फिटलंय. पत्नी गाडी चालवत नाही. वडिलांना येते, पण गुडघ्यांमुळे त्यांनी सोडून दिलंय. घरासमोर उघड्यावर जागा आहे. एका मित्राचं बंद गॅरेज रिकामं पडलंय आणि तो खुशाल वापर म्हणतोय. वडील म्हणतात, ‘‘दर रविवारी दहा मिनिटं सुरू करून ठेवीन, तू काळजी करू नकोस.’’ एक मोटरसायकलही आहे. गाडी विकू की ठेवू? आणि ठेवायची तर कशी?
— एक सैनिक

उत्तर:

ठेवा. कर्ज नाही, गाडी पाचच वर्षांची आहे आणि गॅरेजची सोय आहे. निघायच्या घाईत विकलेल्या गाडीला भाव येत नाही, आणि परत आल्यावर पहिल्याच महिन्यात दुसरी शोधत फिरायची पाळी येते. हप्ते चालू असते, किंवा गाडी चौदा महिने उन्हापावसात उभी राहणार असती, तर मी विका म्हटलं असतं.

आता वडिलांचं. त्यांच्या बोलण्यात माया आहे, म्हणून त्यांना नाही म्हणताना जरा बसून समजावून सांगा. पण इंजिन दर रविवारी दहा मिनिटं नुसतं जागेवर चालवलं, तर उभ्या गाडीचं नुकसान हमखास होतं. पेट्रोल जळताना धुराबरोबर पाण्याची वाफही तयार होते. इंजिन आणि सायलेन्सर पुरते तापले की ती बाहेर निघून जाते. दहा मिनिटांत ते तेवढे तापतच नाहीत. डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर आला तरी खालचं ऑइल कोमटच असतं. मग हे पाणी सायलेन्सरमध्ये साचतं आणि तो आतून गंजत जातो. थोडं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. अशा गाडीचं ऑइल भरायचं झाकण काढून उलटं करून पाहा, आतल्या बाजूला दुधाळ पिवळट चिकट थर दिसतो. आतमध्ये पाणी फिरतंय याची ती खूण.

बॅटरीचंही तेच. सेल्फ मारताना बॅटरीतून एकदम मोठा करंट जातो, आणि जागेवर चालणाऱ्या इंजिनावर तो दहा मिनिटांत पुरता भरून येत नाही. दर रविवारी थोडी तूट राहते आणि ती साठत जाते.

आणि सगळ्यात गंभीर गोष्ट म्हणजे बंद गॅरेजमधला धूर. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड व्हायला लागलंय हे कळेपर्यंत माणसाच्या पायातलं बळ गेलेलं असतं. शटर अर्धं वर केलंय, एवढ्यावर भरवसा ठेवता येत नाही. वडिलांना बाकी काही पटलं नाही तरी चालेल, हे मात्र स्पष्ट सांगा.

तेव्हा दोनच गोष्टी करता येतात. एक तर गाडी खरोखर चालवायची, म्हणजे दोन-तीन आठवड्यांतून एकदा रस्त्यावर काढून अर्धा तास तरी मोकळी पळवायची. नाहीतर नीट बंद करून ठेवायची आणि मधे इंजिनाला हात लावायचा नाही. तुमच्या घरी चालवणारं कुणी नाही, म्हणून दुसरी.

हे मी केवळ गाडीसाठी म्हणत नाहीये. तुम्ही नसताना पत्नीवर आणि आई-वडिलांवर आधीच पुष्कळ भार असणार. त्यात गाडीची आठवड्याची ड्यूटी लावू नका. एखाद्या रविवारी ती सुरू झाली नाही, तर आपल्याच हातून बिघडली असं वडिलांना वाटत राहील, आणि ते तुम्हाला फोनवर सांगणारही नाहीत. मी पुढे जी रीत सांगतोय त्यात तुमच्या मित्राने तीन महिन्यांतून एकदा पंधरा मिनिटं गॅरेज उघडायचं, एवढंच काम उरतं. मुदतीचा हिशोब मात्र चौदाचा न करता अठरा महिन्यांचा धरा.

आधी जागा बघा. बंद गॅरेज उघड्यापेक्षा चांगलंच, पण ते कोरडं हवं. फरशीवर हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवा आणि एक दिवस तसाच राहू द्या. उचलल्यावर खाली पाण्याचे थेंब किंवा ओला डाग दिसला, तर जमिनीतून ओल वर येतेय. मग गाडीखाली जाड प्लॅस्टिक आणि चाकांखाली प्लायवूडचे तुकडे टाका. छत गळतंय का, पावसाचं पाणी आत शिरतं का, हे मित्राला विचारा आणि भिंतीवरचे डाग स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

गाडी आत घ्यायच्या आधी धुवा, आणि खालून जास्त धुवा. चाकांच्या कमानीत साचलेला चिखल ओल धरून ठेवतो आणि पत्रा तिथूनच सडायला लागतो. धुतल्यावर लगेच आत लावू नका. अर्धा तास पळवून ब्रेक आणि सांधे सुकू द्या. पक्ष्यांची विष्ठा राहिली असेल तर पुसून काढा, ती रंग खाते. वर कव्हर घालायचं ते हवा खेळती राहील अशा कापडी जातीचं. ताडपत्री किंवा प्लॅस्टिक घातलं की ओल आतच कोंडते.

बॅटरीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण परत आलेल्या बहुतेकांना पहिला फटका तिचाच बसतो. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉक, कंप्यूटर थोडा थोडा करंट ओढत असतात. चांगल्या गाडीत तो ५० मिलिअँपिअरच्या आत असतो. ५० धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-तास होतात. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी या हिशोबाने १९ दिवसांत अर्धी उतरते आणि पाच-सहा आठवड्यांत पार रिकामी होते. रिकामी राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर धरतो, आणि मग कितीही चार्ज केली तरी ती पहिल्यासारखी होत नाही. जागा थंड असेल तर अजून एक धोका असतो. भरलेल्या बॅटरीतलं आम्ल शून्याच्या कितीतरी खाली जाईपर्यंत गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीत बहुतेक पाणीच उरतं. ते गोठलं की खोका फुटतो.

गॅरेजमध्ये विजेची सोय असेल आणि मित्राची हरकत नसेल, तर बॅटरी भरलेली राखणारा स्वयंचलित चार्जर जोडून ठेवता येतो. भरली की तो आपोआप थांबतो आणि मग हळूहळू तेवढीच भर घालत राहतो. साधा जुना चार्जर मात्र कायमचा जोडून ठेवू नका. तो बॅटरी उकळवून टाकेल. सोय नसेल तर बॅटरी काढा. आधी वजा टर्मिनल सोडवायचं, मग अधिक. परत लावताना आधी अधिक, मग वजा. काढलेली बॅटरी गार, कोरड्या, हवेशीर जागी ठेवायची आणि दर तीन महिन्यांनी रात्रभर चार्ज करायची. मल्टिमीटर असेल तर बघा, पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.४ दिसलं की चार्ज करायची वेळ झाली.

पण तुमची बॅटरी कंपनीतून आलेलीच असेल, म्हणजे पाच वर्षांची, तर मी वेगळंच सांगेन. तिचं आयुष्य तसंही संपत आलंय. तिच्यासाठी चौदा महिने कुणाला राबवू नका. काढून जुन्याच्या बदल्यात देऊन टाका आणि परत आल्यावर नवी बसवा.

बॅटरी सोडवायच्या आधी दोन गोष्टी नीट बघून घ्या. डिकी फक्त बटणानेच उघडत असेल तर तिथे काही अडकून राहणार नाही याची खात्री करा, आणि चावीच्या आत लपलेली लोखंडी किल्ली दरवाजाच्या कुलपात फिरते का ते फिरवून पाहा. वर्षानुवर्षं न वापरलेली किल्ली नेमकी नको तेव्हा अडते. म्युझिक सिस्टिम कोड मागणारी असेल तर तो लिहून ठेवा.

पेट्रोल हळूहळू शिळं होतं. त्यातले हलके घटक उडून जातात आणि उरलेलं हवेशी मिसळून चिकट होत जातं. चार-सहा महिन्यांपर्यंत सहसा निभावतं, चौदा महिने नाही. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल तर हवेतलं पाणीही ओढतं. पाणी फार झालं की इथेनॉल त्या पाण्यासकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि पंप नेमका तळातलंच ओढतो. म्हणून पेट्रोल टिकवणारं द्रव्य, फ्यूल स्टॅबिलायझर, आणा आणि बाटलीवर लिहिलेल्या मापानेच टाका. आधी द्रव्य, मग टाकी भरायची, म्हणजे ते नीट मिसळतं. भरलेल्या टाकीत हवेला जागा कमी राहते, म्हणून ओलही कमी धरते. त्यानंतर गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवा. टाकीत द्रव्य पडलं पण पाइप आणि इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत पोचलं नाही, तर नेमक्या ज्या बारीक भोकांची काळजी आहे तिथे जुनंच पेट्रोल राहतं. आणि मित्राला सांगा, की भरल्या टाकीची गाडी आहे, तिच्याजवळ वेल्डिंग किंवा शेगडी नको.

त्याच शेवटच्या फेरीआधी ऑइल आणि फिल्टर बदला. जुन्या ऑइलमध्ये आम्लं आणि ओल असते, ती इंजिनाच्या पोटात चौदा महिने ठेवायची नाही. कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचं, प्रमाण तपासून घ्या, नुसतं पाणी भरलेलं असेल तर आजच बदला.

टायरांत हवा नेहमीपेक्षा जास्त भरा, पण टायरच्या भिंतीवर छापलेल्या कमाल आकड्याच्या पुढे जाऊ नका. महिन्याला साधारण एक-दोन पीएसआय आपोआप कमी होते, हे धरून चाला. एकाच जागी टेकून राहिलेला भाग चपटा बसू नये म्हणून मित्राने दर तीन महिन्यांनी हवा भरावी आणि दोघातिघांनी मिळून गाडी अर्ध्या चाकाएवढी ढकलावी. कुणी स्टँडवर चढवून ठेवा म्हणेल. जमत असेल तर उत्तम, पण मजबूत स्टँड हवेत, कठीण जमीन हवी, आणि उचलायच्या जागा गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्याच. विटांवर किंवा नुसत्या जॅकवर गाडी सोडून जायचं नाही. वीट अचानक फुटते आणि जॅक हळूहळू उतरतो.

निघायच्या आधी टायरवरचा चार आकडी शिक्काही वाचा. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२२० म्हणजे २०२० सालच्या ३२व्या आठवड्यातला टायर. तुम्ही परत याल तेव्हा त्याचं वय किती झालेलं असेल ते आत्ताच कळेल, आणि नव्या टायरांचा खर्च मनात धरून ठेवता येईल.

हँडब्रेक ओढून जाऊ नका. यात फार जण फसतात. महिनोन्‌महिने आवळलेले ब्रेकचे शू चाकातल्या ड्रमला गंजून चिकटतात, आणि मग गाडी हलवताना अस्तरच उखडून येतं. हँडब्रेक सोडा, पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. गिअर कोणता आणि हँडब्रेक सोडलेला आहे, हे मोठ्या अक्षरात कागदावर लिहून स्टिअरिंगला बांधा.

मग उंदीर. बंद गॅरेज, उबदार जागा, माणसाची ये-जा नाही, म्हणजे त्यांना आयतं घर. ते वायरी कुरतडतात, एअर फिल्टरच्या डब्यात चिंध्या आणि कागद भरून घरटं करतात, सीटच्या आतला फोम उपसतात. एक वायर शोधायला मेकॅनिकला दोन दिवस लागू शकतात. गाडीतून खायचं एकूण एक काढा. दाराच्या कप्प्यातला बिस्किटाचा पुडा, सीटखालचे शेंगदाणे, लहान मुलांच्या सीटच्या फटीतला चुरा, सगळं. रुमाल आणि टिश्यूचा डबाही काढा, घरट्यासाठी त्यांना तेच लागतं. हवा ओढायचं तोंड आणि सायलेन्सरचं तोंड बारीक लोखंडी जाळीने बंद करा. जाळीला लाल कापडाची लांब पट्टी बांधा आणि ‘सुरू करण्याआधी दोन जाळ्या काढा’ हे त्या स्टिअरिंगवरच्या कागदावर लिहा. सापळे मित्राच्या तिमाही फेरीत बघून घेता येतील. विष नको. विष खाल्लेला उंदीर डॅशबोर्डच्या आत जाऊन मरतो.

कागदपत्रांत तुम्ही स्वतः लक्ष घाला, हे मित्रावर किंवा वडिलांवर सोडू नका. गाडी उभी आहे म्हणून विमा बंद करायचा मोह होतो. पण आग, चोरी आणि पुराचं पाणी उभ्या गाडीलाही गाठतात. विमा कंपनीला लेखी कळवा, की गाडी अमुक ठिकाणी इतके महिने वापरात नसेल. काही कंपन्या रस्त्यावरची जोखीम वगळून फक्त उभ्या गाडीचं संरक्षण कमी हप्त्यात देतात. तुमची देते का ते विचारा, आणि कायद्याने कोणता विमा चालू असणं सक्तीचं आहे तेही विचारा. पॉलिसीचा पत्ता आणि गाडीची खरी जागा वेगळी निघाली तर दाव्याच्या वेळी वाद होतो. विमा, नोंदणी, कर, प्रदूषण तपासणी, यातलं काय तैनातीच्या काळात संपतंय ते बघून आधीच नूतनीकरण करून टाका.

पत्नीच्या नावाने गाडीपुरतं मुखत्यारपत्र करून द्या. विम्याचा दावा असो, गॅरेजमधून गाडी हलवणं असो, किंवा वेळ आलीच तर विकणं असो, तुमच्या सहीवाचून काम अडेल आणि तुम्ही फोनवरही सापडणार नाही. युनिटमध्ये कायदेशीर मदतीची सोय असेल तर निघायच्या आधीच गाठा, शेवटच्या आठवड्यात तिथे रांग लागते. मित्राबरोबरही दोन ओळींचा कागद करा: गाडी कुणाची, किती काळ, भाडं आहे की नाही. मैत्रीत कागद कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण उद्या त्याने घर विकलं किंवा तो स्वतःच बदलीवर गेला, तर तुमच्या पत्नीच्या हातात काहीतरी असायला हवं.

सैनिक म्हणून काही गोष्टी तुम्हाला वेगळ्या पाळाव्या लागतील. गणवेश, ओळखपत्र, गेट पास, युनिटचं स्टिकर, यातलं काहीही गाडीत किंवा काचेवर राहू देऊ नका. ‘चाललोय, गाडी ठेवायला जागा हवी’ असं समाजमाध्यमांवर लिहू नका. माणूस घरी नाही, किती दिवस नाही आणि गाडी कुठे आहे, हे तिन्ही एका ओळीत सगळ्यांना कळतं. गॅरेजच्या शेजाऱ्यांनाही तारखा सांगायची गरज नाही. दुसरी किल्ली पत्नीकडे, घरात, गाडीपासून लांब.

मोटरसायकल याच गॅरेजमध्ये मेन स्टँडवर ठेवा. ऑइल, बॅटरी आणि पेट्रोलचं सगळं वरच्यासारखंच. कार्ब्युरेटर असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून, मोकळ्या जागेत, गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे बारीक जेटमध्ये पेट्रोल सुकून बसणार नाही. चेन साफ करून तिला वंगण द्या.

परत आल्यावर लगेच चावी फिरवू नका. घरच्यांबरोबर चार दिवस राहा, मग दिवसाउजेडी मित्राला घेऊन गॅरेजला जा. दोन्ही जाळ्या काढा. बॉनेट उघडून टॉर्चने कोपरे बघा, एअर फिल्टरचा डबा उघडा, गाडीखाली ऑइलचे किंवा कूलंटचे डाग आहेत का पाहा. ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल यांच्या पातळ्या तपासा. बॅटरी बसवा, टायरांतली हवा नेहमीच्या आकड्यावर आणा. ब्रेकचं पेडल दाबून धरा. ते कडक राहिलं पाहिजे. हळूहळू खाली जात असेल तर गाडी टो करूनच गॅरेजबाहेर काढायची. टाकीचं झाकण उघडल्यावर पेट्रोलचा नेहमीचा वास न येता आंबूस, व्हार्निशसारखा वास आला, तर आधी टाकी रिकामी करून घ्या.

सगळं ठीक असेल तर शटर पूर्ण उघडा. ठोकळे लावलेलेच राहू द्या आणि गाडी न्यूट्रलमध्ये घ्या. चावी ऑनवर करून दोन-तीन सेकंद थांबा, बंद करा, पुन्हा ऑन करा, म्हणजे पेट्रोलचा दाब तयार होईल. मगच सेल्फ मारा, एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त नाही. सुरू झाली की अॅक्सिलरेटर दाबू नका. ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर ताबडतोब बंद करा. ठोकळे काढून पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर, कमी वेगात घ्या. डिस्कवरचा वरवरचा गंज थोडा खरखरेल आणि चार-दोन वेळा ब्रेक दाबल्यावर जाईल. टायरची धडधड वीसेक किलोमीटरमध्ये गेली नाही, तर टायर बदला. त्याच आठवड्यात ऑइल बदला, आणि ब्रेक ऑइलला दोन वर्षं झाली असतील तर तेही.

पहिले काही दिवस, जमल्यास, शेजारी कुणाला तरी बसवून चालवा. इतके महिने तुम्ही वेगळ्या रस्त्यांवर, वेगळ्या सवयीने असाल. तिथला रस्त्याच्या मधून, वेगाने जायचा सराव इथल्या गर्दीत अंगावर येतो. झोप नीट लागत नसेल तर किल्ली दुसऱ्याकडे द्या. आणि मित्राच्या गॅरेजची फरशी निघण्याआधी पुसून द्या.